अक्काचा श्वास आणि अठ्ठेचाळीस मिनिटं



गेल्या भाद्रपदात दशलक्षण पर्वाला आठ दिवस असताना निपाणीहून भाचेसुनेचा फोन आला. "मावशी, आईंना बेळगावला दवाखान्यात आणलंय. रात्रभर झोपता आलं नाही, उशीला टेकून बसूनच रात्र काढली. दम फार लागलाय."

आई म्हणजे माझी अक्का. माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी, लहानपणी मला कडेवर घेऊन फिरलेली. मी म्हणाले, "अगं, पण काल दुपारीच तर तिचा निरोप आला होता. चांगली बोलत होती की!"

भाचेसून थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मावशी, पंधरा दिवस झाले आईंना दम लागतोय. बोलताना दोन शब्दांनंतर थांबतात. तुम्हाला ऐकू नाही आलं?"

मला ऐकू आलं नव्हतं. अक्का रोज जेवणं झाली की मोबाइलवर बोलून निरोप पाठवते. चार मिनिटं, कधी सहा. मंदिरात कोण आलं होतं, कोणाच्या सुनेला दिवस गेलेत, लोणच्याला बुरा का आला. मी ते निरोप भांडी आवरताना ऐकायची, आणि ऐकायची ते दुप्पट वेगाने. त्या बटणावर एकदा बोट ठेवलं की चार मिनिटांची अक्का दोन मिनिटांत संपते. दुप्पट वेगात सगळ्यांचाच श्वास भरभर चालतो. ज्याला खरंच धाप लागली आहे आणि ज्याला नाही, दोघं सारखीच ऐकू येतात. मधल्या थांबण्याच्या जागा तर लक्षातही येत नाहीत.

त्या दिवसापासून एक प्रश्न डोक्यात बसला. मला कसली एवढी घाई होती? निवृत्त नवरा, दोन माणसांचा स्वयंपाक. वाचवलेली ती दोन मिनिटं मी कुठे ठेवली? मी बी.कॉम. झालेली बाई आहे. जमा दिसत नसेल तर खर्च कुठे झाला ते शोधल्याशिवाय मला राहवत नाही. म्हणून मी मागे जात जात आपल्या बायकांच्या वेळेचा इतिहासच काढून बसले. तो आज सांगते.

सुरुवात पाठशाळेपासून. काळाचं कोष्टक आपण सगळ्यांनीच घोकलं आहे. सर्वांत लहान तो समय, त्याचे आणखी तुकडे होत नाहीत. असंख्यात समयांची एक आवली, संख्यात आवलींचा एक उच्छ्वास. सात उच्छ्वासांचा एक स्तोक, सात स्तोकांचा एक लव, साडेअडतीस लवांची एक घटका, आणि दोन घटकांचा एक मुहूर्त. असे तीस मुहूर्त म्हणजे एक दिवस-रात्र. घोकताना कधी गुणाकार केला नव्हता, तो आता केला. एका मुहूर्तात ३७७३ उच्छ्वास येतात. मुहूर्त अठ्ठेचाळीस मिनिटांचा, म्हणजे मिनिटाला साधारण ७९. शांत बसलेला माणूस मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो, तेव्हा हा आकडा मोठा वाटतो. पण मनगटावर बोटं ठेवून पाहा. नाडीचे ठोके जवळपास तेवढेच भरतात. म्हणूनच उच्छ्वास म्हणजे नाडीचा एक ठोका, असाही अर्थ लावला जातो. आणि हा उच्छ्वास कोणाचा धरायचा, तेही शास्त्रकारांनी सांगून ठेवलंय: निरोगी, निश्चिंत आणि आळस नसलेल्या माणसाचा. आपल्याकडे काळ मोजायला सुरुवात झाली ती माणसाच्या अंगावरून. हे मला साठी ओलांडल्यावर कळलं.

हाच काळ आपल्या स्वयंपाकघरात राहत होता. माझ्या आज्जीला घड्याळ वाचता येत नव्हतं, पण तिच्याइतकी वेळेची पक्की बाई मी पाहिली नाही. दळलेल्या पिठाची मर्यादा पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात. पाणी गाळलं की दोन घटका, उकळलं की चोवीस तास. सकाळी सूर्य उगवल्यावर दोन घटका जाऊ द्यायच्या, मग तोंडात पाणी. संध्याकाळी मावळायच्या दोन घटका आधी ताटं उचललेली. आमचं गाव सांगलीजवळ, कृष्णाकाठी. वळचणीची सावली अंगणात ठरावीक ठिकाणी आली की आज्जी हाक मारायची, "पोरींनो, पानं घ्या." पावसाळ्यात सावली नसायची. तेव्हा ती अक्काला मागच्या दारी पिटाळायची, चिंचेची पानं मिटायला लागली का ते पाहायला. अक्का ओरडून सांगायची, "अजून उघडी आहेत!" मग आम्हाला आणखी एक भाकरी मिळायची.

या वेळेला एक शेवट होता. पानं मिटली की चूल विझली. त्यानंतर कोणी भूक लागली म्हणायचं नाही आणि कोणी विचारायचंही नाही. उरलेली संध्याकाळ मोकळी.

गावाबाहेर, राजवाड्यात आणि लग्नमांडवात मात्र वेळ मोजायला साधन लागायचं. ते म्हणजे घटिकापात्र. तळाला बारीक भोक पाडलेली तांब्याची वाटी मोठ्या भांड्यातल्या पाण्यावर सोडायची. भोकातून पाणी आत चढत जायचं आणि चोवीस मिनिटांनी वाटी बुडायची. ती एक घटका. "घटका भरली" हे आपण अजून म्हणतो ते त्यावरूनच. वाटी बुडाली की राखणदार काशाच्या थाळीवर टोल द्यायचा. त्या थाळीला म्हणायचे तास. आज आपण साठ मिनिटांना तास म्हणतो, त्या शब्दात तो टोल अजून आहे. पण ही वाटी आपोआप वर येत नसे. कोणीतरी शेजारी बसून ती बुडण्याची वाट बघायची आणि पुन्हा पाण्यावर सोडायची.

मग आगगाडी आली. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली. तोवर प्रत्येक गावाची दुपार वेगळी होती. सूर्य डोक्यावर आला की बारा. पुण्याची दुपार मुंबईच्या आधी, सांगलीची पुण्याच्या आधी. त्यात कोणाचं काही अडत नव्हतं. पण गाडीला सगळ्या स्टेशनांवर एकच वेळ हवी. रेल्वेने मद्रासची वेळ धरली. ती मुंबईच्या वेळेपेक्षा अर्ध्या तासाने पुढे होती. १८८१ मध्ये मुंबईच्या गव्हर्नरांनी, सर जेम्स फर्ग्युसन यांनी, सरकारी कामकाजासाठी मद्रासची वेळ लावायचा हुकूम काढला. मुंबईकर खवळले, आणि दोन वर्षांत तो हुकूम मागे घ्यावा लागला.

पुढे १ जानेवारी १९०६ पासून आज आपण पाळतो ती भारतीय प्रमाणवेळ आली. ती मुंबईच्या वेळेपेक्षा एकोणचाळीस मिनिटं पुढे. गिरणी कामगारांनी विरोध केला, कारण भोंगा पूर्वीच्याच आकड्याला वाजणार, पण तो आकडा एकोणचाळीस मिनिटं आधी येणार. म्हणजे अंधारात घर सोडायचं. मुंबई महापालिकेने तर आपली जुनी "बॉम्बे टाइम" स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे सोडली नाही. एकोणचाळीस मिनिटांसाठी एक शहर अर्धं शतक भांडलं! आपल्या सांगलीकडे आजही घड्याळ सूर्याच्या साधारण बत्तीस मिनिटं पुढे आहे. भर दुपार म्हणजे घड्याळात साडेबारा. पण हे आपल्या कधी लक्षातही येत नाही.

त्याच काळातली एक गोष्ट आपल्या जवळची. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर तुम्ही पाहिलाच असेल. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात कापसाच्या व्यापारात अफाट पैसा कमावलेले प्रेमचंद रायचंद हे मूळचे सुरतचे जैन गृहस्थ. त्यांनी या मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले आणि त्याला आपल्या आईचं, राजाबाईंचं, नाव दिलं. १८७८ मध्ये तो पुरा झाला. असं सांगतात की राजाबाईंची दृष्टी गेली होती. सूर्यास्तापूर्वी जेवायचं व्रत तर होतं, पण सूर्य दिसत नव्हता. संध्याकाळच्या घंटेवरून त्यांना कोणालाही न विचारता वेळ कळावी, असा मुलाचा मनात हेतू. आख्यायिका असेल. पण आपल्यातल्या प्रत्येक म्हातारीला ती खरी वाटेल, कारण "किती वाजले गं?" असं दहा वेळा विचारायची लाज तिने सोसलेली असते.

घंटा वाजली की राजाबाईंना वेळ कळली. त्यानंतर घंटेचं त्यांच्याकडे काही काम नव्हतं. माझ्या मनात हे फार दिवस घोळलं.

रेडिओचंही तसंच. वडिलांनी रेडिओ घेतला तेव्हा त्याचं लायसन्स असायचं, त्याचे पैसे वर्षाला पोस्टात भरायचे. बातम्यांआधी वेळेचे ठोके वाजायचे आणि वडील मनगटावरचं घड्याळ लावून घ्यायचे. बुधवारी रात्री आठला बिनाका गीतमाला. शेजारपाजारच्या घरी तेव्हा ताटं मांडलेली असत. आमची जेवणं दिवसाउजेडीच उरकलेली, त्यामुळे आम्ही बहिणी निवांत. अक्का शेवटचं गाणं संपलं की खटका बंद करायची. पुढच्या बुधवारपर्यंत ती वही पुसत नसे, कोणतं गाणं चढेल याचे अंदाज लिहिलेली.

लग्न होऊन सांगलीत आले आणि १९८७ च्या जानेवारीत दूरदर्शनवर रामायण सुरू झालं. रविवारी सकाळी साडेनऊ. आमच्या गल्लीतल्या मंदिरात अभिषेक लवकर आटपायला लागला, हे मान्य करायला हरकत नाही. सासूबाईंना पद्मपुराण तोंडपाठ. आपल्याकडे रावणाला लक्ष्मण मारतो, रामाच्या हातून हिंसा होत नाही आणि राम मोक्षाला जातात. त्यामुळे प्रत्येक रविवारच्या भागावर त्यांची टीका सोमवारपासून शनिवारपर्यंत चालायची. शेजारच्या जोशीकाकू वाटाणे सोलता सोलता त्यांच्याशी वाद घालायच्या. दोघींचं एकमत कधी झालं नाही. पण त्या सहा दिवसांत मी रविषेणाचार्यांचं पद्मपुराण जितकं शिकले, तितकं पुढे कोणत्या शिबिरात शिकले नाही. भाग अर्ध्या-पाऊण तासाचा आणि त्यावरचा विचार आठवड्याचा. पुढचा भाग लगेच लागला असता, तर ते बोलणं झालंच नसतं.

आता मोबाइल. आधी त्याच्या बाजूने बोलते, कारण जमाखर्च एकतर्फी लिहू नये. माझी मुलगी न्यू जर्सीत असते. तिथे जूनमध्ये सूर्य साडेआठला मावळतो आणि डिसेंबरात साडेचारला. आज्जीची वळचण आणि चिंच तिकडे कामाची नाही. डिसेंबरात ती ऑफिसातच साडेतीनला डबा खाऊन घेते, कारण मोबाइल तिला त्या गावचा, त्या दिवसाचा सूर्यास्त मिनिटासह सांगतो. राजाबाईंचा मनोराच तिच्या पर्समध्ये आहे. २०२० च्या टाळेबंदीत मंदिरं बंद होती, तेव्हा प्रवचन आणि दर्शन याच पडद्यावर मिळालं. हे उपकार मी विसरणार नाही.

पण हा मनोरा घंटा वाजवून गप्प बसत नाही. सूर्यास्ताची वेळ बघायला हातात घेतला, की खाली कोणाचा वाढदिवस, मग उकडीच्या मोदकांच्या कळ्या, मग एका अनोळखी बाईचं सासूशी भांडण. वर्तमानपत्राला शेवटचं पान असतं. इथे पान संपतच नाही, बोट सरकवत राहिलं की नवीन येत राहतं. ही युक्ती २००६ मध्ये एझा रास्किन या तरुण अभियंत्याने तयार केली. पुढे त्यानेच, लोक यात किती वेळ घालवतात ते पाहून, जाहीर खंत व्यक्त केली. आपल्या देशात सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, नेट स्वस्त झालं आणि ते न संपणारं पान आपल्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर आलं. एक चित्रफीत संपली की पुढची आपोआप लागते. घटिकापात्राची वाटी आता कोणाला उचलावी लागत नाही. ती बुडाली तेही कळत नाही.

त्यात आणखी एक झालं. पूर्वी आलेला निरोप पत्राच्या क्रमाने वाचला जाई. आता आज, काल आणि तीन वर्षांपूर्वीचं सगळं एकत्र कालवून समोर येतं. एकदा मी एका ओळखीच्या बाईंच्या निधनाला दु:ख व्यक्त केलं, नंतर पाहिलं तर ती बातमी दोन वर्षांपूर्वीची. त्यांचं वर्षश्राद्धसुद्धा... आपल्यात ते नसतं म्हणा, पण पहिली पुण्यतिथी होऊन गेली होती!

आणि जिथे पान संपत नाही, तिथे प्रत्येक गोष्ट लवकर संपवावीशी वाटते. माझ्या शोधाचं उत्तर मला इथे मिळालं. पुढे ढीग पडलेला असतो म्हणून आपण हातातलं पळवतो. प्रवचन दीडपट वेगाने, बहीण दुप्पट वेगाने.

मोबाइलमध्येच एक जागा आहे, तिथे आपण रोज किती वेळ तो वापरला ते लिहिलेलं असतं. बेळगावहून परत आल्यावर मी ते पाहिलं. त्या आठवड्याची रोजची सरासरी तीन तास बारा मिनिटं. एकशे ब्याण्णव भागिले अठ्ठेचाळीस. बरोबर चार मुहूर्त, बाकी शून्य. आणि मी गेली दोन वर्षं मंदिरातल्या बायकांना सांगत होते, की काय करू, सामायिकाला वेळच मिळत नाही. सामायिकाला लागतो एक मुहूर्त. मुंबईने एकोणचाळीस मिनिटांसाठी सरकारशी भांडण मांडलं. मी रोज एकशे ब्याण्णव मिनिटं न मागता दिली होती.

बेळगावच्या त्या दवाखान्यात पहिल्या रात्री मला बाहेर बाकावर बसवलं होतं. अक्काच्या हृदयाची एक झडप नीट मिटत नव्हती, फुप्फुसात पाणी साचलं होतं. मी मोबाइल काढला आणि तिचे मागचे पंधरा निरोप एकेक करून ऐकले, तिच्या स्वत:च्या वेगाने. पहिल्या दोन-तीनमध्ये काही नाही. चौथ्यात ती "मंदिराच्या पायऱ्या" म्हणून थांबते, श्वास घेते, मग "चढले" म्हणते. नवव्यात वाक्याच्या मध्ये दोनदा थांबते. तेराव्यात म्हणते, "आता ठेवते गं, बोलवत नाही." हे वाक्य मी ऐकलं होतं. भांडी विसळता विसळता ऐकलं होतं, आणि मला वाटलं होतं तिला कंटाळा आला. वर तिला उत्तर म्हणून जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं होतं. तेही दिसत होतं, तारखेसह.

बारा दिवसांनी अक्का घरी आली. क्षमावणीच्या दिवशी मी निपाणीला गेले. दरवर्षी क्षमायाचनेची तयार चित्रं एका बोटाने दीडशे जणांना जातात, तशी यंदा पाठवली नाहीत. अक्काच्या पलंगाशी खाली बसले आणि काय केलं होतं ते सांगितलं. दुप्पट वेगाचं बटण कुठे असतं तेही दाखवलं, कारण तिला ते माहीतच नव्हतं. तिने स्वत:चाच एक जुना निरोप त्या वेगाने ऐकला. थोडं हसली. म्हणाली, "अगंबाई, मी अशी चिमणीसारखी बोलते होय तुझ्या घरी?" मग बराच वेळ काही बोलली नाही. जाताना म्हणाली, "लांबट बोलते मी, मला माहीत आहे. पण दुपारी घरात कोणी नसतं."

तिने क्षमा केली का, ते मी विचारलं नाही. तशी विचारायची पद्धतही नाही.

त्यानंतरचा माझा हिशेब साधा आहे. दुपारचा पाऊण तास आणि वर तीन मिनिटं मोबाइल कपाटात. चटईवर बसते, भिंतीवरचं घड्याळ समोर. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटांत हात कपाटाकडे जायचा, तो आता पंचवीस मिनिटांनी जातो. सामायिक नीट जमतं असं मी म्हणणार नाही. ते उरकलं की कपाट उघडून अक्काचा निरोप ऐकते, तिच्या वेगाने, हातात काही काम न घेता.

परवाचा निरोप सव्वाचार मिनिटांचा होता. मध्ये ती बोलायची थांबली. भाचेसुनेने काहीतरी विचारलं असावं, बाहेर भाजीवाल्याची हाक ऐकू आली, आणि बंद करायचं विसरून अक्का मिनिटभर तशीच बसून राहिली. मोबाइल तिच्या तोंडाशीच असावा. पूर्वी ते मिनिट मी सरकवून पुढे गेले असते. या वेळी घड्याळाकडे पाहत तिचे श्वास मोजले.

अठरा भरले. तारखेसह वहीत लिहून ठेवले आहेत.